रेझ्युमे : आपल्या गुणांची वानगी

व्यापारी घरातील मुलाने नोकरी धरावी, ही गोष्ट एके काळी आपल्या पेठेत कमीपणाची मानली जात असे. आता तसे राहिले नाही. आपली मुले व मुली पुणे, बंगळूर, मुंबई येथे नोकरीच्या शोधात जातात, आणि त्यांच्या आधी एक कागद तेथे जाऊन पोहोचतो. त्या कागदास रेझ्युमे म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘सारांश’ असा आहे. हा सारांश कसा लिहावा, याविषयी आमच्या व्यापारी बंधूंशी व त्यांच्या मुलांशी चार शब्द बोलावेत, असे योजिले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. परंतु बेळगावच्या रविवार पेठेत घाऊक धान्याचा व्यापार करीत असता हिशेबनीस व गोदामावरील माणूस नेमण्याच्या निमित्ताने असे पुष्कळ कागद आमच्या हाताखालून गेले आहेत. तेव्हा हे बोल कागद वाचणाराच्या बाजूचे आहेत, असे समजावे.

घाऊक बाजारात शंभर पोत्यांचा सौदा मूठभर वानगीवर ठरतो. त्या वानगीच्या अंगी दोन गुण असावे लागतात. गिऱ्हाइकाला जो माल हवा, त्याचीच ती असावी. आणि पोत्यातील मालाशी ती तंतोतंत जुळावी. रेझ्युमेचेही तसेच आहे.

पहिल्या गुणाचे जुने उदाहरण इटलीत सापडते. लिओनार्दो दा विंची याने 1482 च्या सुमारास मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यास उद्देशून केलेल्या अर्जाचा मसुदा आजही उपलब्ध आहे. हलके पूल, वेढ्याची साधने, तोफा यांपैकी आपणास काय काय करता येते, हे त्याने कलमवार सांगितले आणि चित्रकलेचा उल्लेख अखेरीस केला. त्या राज्यकर्त्याला युद्धाची काळजी होती, हे त्याने ओळखले होते. तात्पर्य, जाहिरात दोनदा वाचावी, त्या जागेस काय हवे ते ओळखावे आणि तेच वर लिहावे. एकच कागद पन्नास ठिकाणी धाडणे म्हणजे तूर मागणाऱ्यापुढे गव्हाची वानगी ठेवणे होय.

आपल्या समाजात आणखी एक घोटाळा होतो. ‘बायोडाटा’ हा शब्द आपल्या कानी प्रथम पडतो तो लग्नाच्या बोलण्यात. मग नोकरीच्या कागदातही जन्मवेळ, उंची, मामांचे गाव व वडिलांचा व्यवसाय येऊन बसतो. नोकरी देणारास यातले काहीच नको असते. नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक व ई-मेलचा पत्ता एवढे पुरे. आधार, पॅन व बँक खात्याचा क्रमांक तर मुळीच लिहू नये. आणि नोकरीसाठी आधी पैसे भरा असे कोणी सांगितल्यास तेथून खुशाल परत फिरावे.

आता मुख्य मुद्दा. ज्या तरुणाने आठ वर्षे संध्याकाळी वडिलांच्या दुकानात काढली, तो अनुभवाच्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहितो. पगार घेतला नाही, म्हणून ते काम नव्हे, अशी त्याची समजूत असते. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच घडते. घरबसल्या सर्व जमाखर्च सांभाळणारी मुलगी ‘घरी मदत करते’ एवढे बोलून गप्प बसते. वस्तुतः 18 जुलै 2022 पासून पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्यावर जीएसटी लागू झाला आणि खुले धान्य त्यातून बाहेर राहिले, तेव्हा कित्येक दुकानांत ही बिलांची नवी वर्गवारी मुलांनीच बसविली. हे ज्ञान विकत घ्यावयास गेले तर सहज मिळत नाही.

मात्र ते नेमक्या शब्दांत लिहावे. ‘दुकानात मदत केली’ या वाक्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी, ‘2021 ते 2024, घरचे धान्याचे दुकान : रोजची विक्री टॅलीत नोंदविली, जीएसटीच्या विवरणपत्रासाठी बिले जुळविली, साठ गिऱ्हाइकांच्या उधारीची वसुली पाहिली’, असे लिहिल्यास वाचणारा थांबतो. काम, काळ आणि आकडा ही तीन वजने प्रत्येक ओळीच्या पारड्यात असावीत. सीमाभागातील मुलांना मराठी, कन्नड, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषा येतात; त्यांपैकी कोणती बोलता, कोणती वाचता व कोणती लिहिता येते, हे वेगवेगळे नमूद करावे.

दुसरा गुण खरेपणाचा. वानगी एक व माल दुसरा निघाला, तर पोती दारातून परत जातात आणि पेठेतली पत जाते ती निराळीच. मोठ्या कंपन्या पदवीची व मागील नोकरीची पडताळणी करून घेतात. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींवरूनही नोकरीच्या तारखा कळतात. मुलाखतीत ज्याविषयी दोन प्रश्नांची उत्तरे देता येणार नाहीत, अशी गोष्ट कागदावर आणू नये.

बाह्यांगाविषयी थोडके. नवशिक्याने एक पान, अनुभवी माणसाने फार तर दोन पाने लिहावीत. अलीकडचे काम आधी, जुने नंतर. अनेक कंपन्यांत पहिली चाळणी संगणक लावतो व जाहिरातीतील शब्द अर्जात शोधतो; म्हणून जे काम आपणास खरोखर येते, ते जाहिरातीच्याच शब्दांत सांगावे. चित्रे, चौकटी, नक्षी टाळावी. संगणकाला त्यांतील मजकूर पुष्कळदा नीट उचलता येत नाही. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्यावे आणि फाईलला स्वतःचे नाव द्यावे.

आता वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलाने रेझ्युमे लिहावयास घेतला की, तो दुकानाचा राजीनामाच लिहितो आहे, असे आपणास वाटते. वाटणे स्वाभाविक आहे. दुकान पुढे कोण पाहणार, हा प्रश्न आमच्याही घरी आहे. परंतु त्या पायी मुलाच्या श्रमांची नोंद अडवून धरू नये. ज्याने काम केले, त्याच्या नावे ते जमा करावे, हा आपल्या वहीचाच नियम आहे. दुकानाच्या छापील कागदावर कामाचे स्वरूप व तारखा लिहून, सही-शिक्का करून, मुलास व मुलीस अनुभवाचा दाखला द्यावा. आपल्या मुनिमाच्या व हमालाच्या मुलांनी सुट्टीत आपल्याकडे काम केले असेल, तर त्यांनाही तो न मागता द्यावा. त्यांच्याजवळ दाखवावयास दुसरे काहीच नसते.

आपल्या पेठेतील मुले जेथे जातील तेथे त्यांच्या गुणांना योग्य भाव मिळो, ही आमची सदिच्छा.