भुतांच्या घराचा जीर्णोद्धार

जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करावयाचा झाला म्हणजे गांवांत बहुधा दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भिंती झिजल्या तरी चालतील, पण मूळ रूपास हात लावूं नका. दुसरा म्हणतो, वास्तु उभी राहावयाची असेल तर नव्या काळास रुचेल असा पालट तिनें पत्करलाच पाहिजे. देवालयें, वाडे, नाटकें, फार काय, घरांतील पाककृति यांच्या बाबतींतहि हा वाद आपण ऐकला आहे. परंतु जेथें कोणी राहत नाहीं, कोणी पूजा करीत नाहीं आणि जेथें लोक पैसे देऊन केवळ भिण्यासाठीं जातात, अशा एका खोट्या भुताटकीच्या घराविषयीं हाच वाद वर्षानुवर्षें चालू आहे, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. आज त्या घराची व त्या वादाची हकीकत सांगण्याचें मीं योजिलें आहे.

भुताचें घर आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. मोठ्या यात्रांतून उंच पाळण्याच्या शेजारीं असा तंबू कधीं कधीं दिसतो. काळ्या पडद्यांमधून जाणारी वाट, दोरीनें हालणारा सांगाडा आणि अंधारांत एकाएकीं ओरडणारा एखादा माणूस, एवढ्या भांडवलावर तो खेळ चालतो. मुंबई-पुण्याच्या वाटेवर खोपोलीजवळ २०१३ सालीं इमॅजिका नांवाचें क्रीडोद्यान उघडलें; त्यांतहि सलीमगढ नांवाचा एक भयप्रद किल्ला उभारण्यांत आला. पण या जातीच्या खेळांत सर्वांत विख्यात घर अमेरिकेंत आहे.

कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम गांवीं वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ सालीं डिस्नेलँड हें उद्यान सुरू केलें. तेथील ‘हाँटेड मॅन्शन’, म्हणजे झपाटलेला वाडा, बाहेरून १९६३ सालींच उभा राहिला. परंतु आंत काय दाखवावें याचा निर्णय होईना. १९६६ सालीं खुद्द डिस्ने वारले, आणि ९ ऑगस्ट १९६९ रोजीं वाड्याचे दरवाजे उघडले. या दिरंगाईंत एक मतभेदहि होता. क्लॉड कोट्स या कलावंतास वाटे कीं, घर पाहून माणसाच्या अंगावर कांटा उभा राहावा. मार्क डेव्हिस या दुसऱ्या कलावंतास वाटे कीं, भुतें पाहून त्यास हसूं यावें. अखेरीस दोघांचेंहि राहिलें. वाड्याचा पूर्वार्ध गंभीर झाला, उत्तरार्ध विनोदी झाला. म्हणजे ज्या घराच्या ‘मूळ रूपा’साठीं आज लोक भांडतात, त्याचें मूळ रूपच एका तडजोडींतून जन्मास आलें आहे.

आतां आंतील रचना पाहूं. प्रथम प्रेक्षकांस एका अष्टकोनी खोलींत उभें करतात. दार बंद होतें आणि भिंती वर वर ताणल्या जात आहेत असें दिसूं लागतें. वास्तविक ती खोली म्हणजे एक मोठी लिफ्ट असून प्रेक्षकच खालीं जात असतात. उद्यानाभोंवतीं आगगाडीचा रस्ता आहे. त्याखालून लोकांस पलीकडच्या मोठ्या इमारतींत न्यावयाचें असतें. ही अडचण कल्पक लोकांनीं चमत्कारांत दडवून टाकली. फ्लॉरिडांत १९७१ सालीं असाच वाडा बांधला, तेथें ही अडचण नव्हती. म्हणून तेथें जमीन स्थिर ठेवून छतच वर उचलतात. पुढें काळ्या गाड्यांची न थांबणारी सांखळी येते. प्रत्येक गाडी ठरलेल्या जागीं ठरलेल्या दिशेस वळते. त्यामुळें प्रेक्षकास जें दाखवावयाचें तेवढेंच दिसतें, आणि जें झांकावयाचें तें पाठीशीं राहतें.

सर्वांत मोठें आश्चर्य म्हणजे नृत्याचें दालन. तेथें पारदर्शक भुतें जोडीनें नाचतात आणि क्षणांत नाहींशीं होतात. या युक्तीचा प्रयोग आपणांस घरींहि करतां येईल. संध्याकाळीं खोलींत दिवा लावून खिडकीच्या बंद कांचेजवळ उभे राहा. बाहेरचें अंगण दिसतें, आणि त्याच अंगणांत आपला दिवा अधांतरीं जळतांना दिसतो. कांच कांहीं प्रकाश पलीकडून येऊं देते व कांहीं परत फेंकते, त्याचा हा परिणाम. वाड्यांत मोठी कांच उभी केली असून खरे पुतळे गाड्यांच्या वाटेच्या वर-खालीं, दृष्टीआड फिरत असतात. त्यांवर प्रकाश पडला कीं भूत दिसतें, प्रकाश गेला कीं भूत जातें. १८६२ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंत जॉन हेन्री पेपर यांनीं ही युक्ति लोकांपुढें आणली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची होती; नांव मात्र पेपरांचें राहिलें.

या सर्व देखाव्यांना एक क्रम आहे, आणि वादाचें मर्म त्या क्रमांतच आहे. आरंभीं भूत दिसत नाहीं. दार आंतून कोणी ढकलल्याप्रमाणें फुगतें, मेणबत्ती आपोआप तरंगते, ओसाड वाट संपता संपत नाहीं. मग स्फटिकाच्या गोळ्यांतील एका मांत्रिक स्त्रीचें मस्तक मंत्र म्हणून भुतांस आवाहन करतें. त्यानंतरच तीं दृश्य होतात. आधीं संशय, मग आवाहन, मग दर्शन, ही ती चढण.

१९६९ सालीं या वाड्यांत टोपीची पेटी धरलेलें एक भूत होतें. त्याचें मस्तक धडावरून नाहींसें होऊन पेटींत प्रकटावें अशी योजना होती. पण ती नीट साधेना, म्हणून थोड्याच दिवसांत तें भूत काढून टाकलें. पुढें जवळजवळ अर्धें शतक रसिकांनीं त्याची आठवण जिवंत ठेवली. २०१५ सालीं नव्या यंत्रसामग्रीच्या बळावर तें परत आलें, तेव्हां त्याचें मोठें स्वागत झालें. परंतु हेंच भूत २०२३ सालीं फ्लॉरिडाच्या वाड्यांत आणलें गेलें, तेव्हां रसिकांनीं नाराजीचा सूर काढला. कारण त्याची जागा त्या न संपणाऱ्या वाटेंत, म्हणजे आवाहनाच्या आधीं ठेवली होती. भूत तेंच, युक्तीहि उत्तम. पण वेळ चुकली! वर्गांत उदाहरण घालून मुलांनीं पाटी हातीं घेण्यापूर्वींच उत्तर सांगून टाकलें, तर उत्तर बरोबर असूनहि गणिताची गोडी जाते, तसें हें झालें.

दुसरा वाद माळ्यावरील वधूचा. मूळची वधू मुकी होती. छातींत लाल हृदय धडधडे, एवढेंच. २००६ सालीं तिच्या जागीं पतींचे मुंडके उडविणारी, हातीं कुऱ्हाड घेतलेली वधू आली. कांहींस ती आवडली. कांहीं म्हणाले, गूढ गेलें आणि गोष्ट आली. २०२५ च्या आरंभीं कुऱ्हाडवाली वधू जाऊन तिच्या जागीं शोकाकुल वधू आली, आणि वाद पुन्हा पेटला. ज्यांनीं लहानपणीं कुऱ्हाडच पाहिली होती, त्यांच्या मतें मूळ रूप तेंच! शिवाय २००१ पासून कॅलिफोर्नियाच्या वाड्यास दरवर्षीं शरदांत एका चित्रपटाचा नाताळी वेष चढवितात. एक पक्ष त्यास उत्सव म्हणतो, दुसरा विटंबना म्हणतो.

दोन्ही पक्षांचें म्हणणें टाकाऊ नाहीं. नव्याचे कैवारी म्हणतात, यंत्रें झिजतात, नव्या पिढीची भीति वेगळी असते, आणि डिस्ने यांनीं आपलें उद्यान कधींहि पुरें व्हावयाचें नाहीं असेंच मानलें होतें. जुन्याचे कैवारी म्हणतात, बापानें जें पाहिलें तेंच मुलाचा हात धरून दाखवावें, यांत जो आनंद आहे तो नव्या यंत्रानें येत नाहीं. मालकी कंपनीची खरी. पण ज्या आठवणींमुळें लोक पुन्हा तिकीट काढतात, त्या आठवणी कंपनीच्या नव्हेत.

आपल्या रंगभूमीनें हा प्रश्न पूर्वींच अनुभवला आहे. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ आलें, तेव्हांपासून कित्येक वर्षें संगीत नाटक रात्र रात्र चाले. पुढें विजेचे दिवे आले, ध्वनिक्षेपक आले, पदें कमी झालीं, आणि तीन तासांच्या रंगावृत्त्या निघाल्या. हळहळणारे हळहळले, पण रंगावृत्ति निघाली नसती तर कित्येक नाटकें केवळ छापील पुस्तकांत उरलीं असतीं. जेथें पद गेलें तरी प्रसंगाची चढण राहिली, तेथें नाटक जगलें. जेथें टाळीच्या लोभानें प्रसंगच मागें-पुढें झाला, तेथें गाणें राहिलें आणि नाटक गेलें.

यावरून मला जें वाटतें तें थोडक्यांत सांगतों. साधन बदलण्यास हरकत नसावी. कांचेच्या जागीं उद्यां दुसरें कांहीं आलें आणि भूत अधिक खरें दिसलें, तर पेपरसाहेबांचा अपमान होत नाहीं. पण क्रम मोडूं नये. ज्या संशयानें प्रेक्षक आंत शिरतो, तो संशय किती वेळ जपावा आणि केव्हां फेडावा, हीच मूळ कारागिरांची खरी कृति होय. मागण्या पुरविण्याच्या घाईंत तिलाच धक्का लागला, तर प्रत्येक देखावा जुन्याहून सुंदर असूनहि घर मात्र ओकेंबोकें वाटूं लागतें.

आणि एक गोष्ट. खोट्या भुतांसाठीं एवढें भांडण कशाला, असें कोणी म्हणेल. मुंबईच्या गोराईस १९८९ सालीं उघडलेलें एस्सेलवर्ल्ड २०२२ सालीं बंद झालें. महाराष्ट्रांतील एका अख्ख्या पिढीची शाळेची सहल तेथें गेली होती. पण कोणता पाळणा ठेवावा आणि कोणता बदलावा, हा वाद करण्यासहि आतां जागा उरली नाहीं. गांवोगांवच्या यात्रांतले तंबूचे सिनेमे असेच हळूहळू विरळ झाले. ज्या वस्तूविषयीं लोक हट्टानें भांडतात, ती वस्तु अजून त्यांची आहे असें समजावें. भांडण थांबलें म्हणजे मात्र घर खरोखरच ओसाड पडतें, आणि मग तेथें भुतें बसविण्याची कोणास गरज राहत नाहीं.