ड्रममधल्या फिल्मला किती वेळ?

इलफर्डची एचपी ५ प्लस ही कृष्णधवल फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये, एकास एक पाणी घालून, २० अंश सेल्सिअसला १३ मिनिटे डेव्हलप करावी, असे कंपनीचे माहितीपत्रक सांगते. हा वेळ टाकी ठरावीक अंतराने हाताने उलटीसुलटी करणाऱ्यांसाठी आहे. फिल्म सतत फिरत राहणार असेल, तर तो १५ टक्क्यांपर्यंत कमी करावा लागेल, अशी पुस्ती त्याच पत्रकात जोडलेली आहे. म्हणजे साधारण ११ मिनिटे. शिवाय फिरत्या ड्रममध्ये फिल्म आधी साध्या पाण्याने भिजवू नका, डेव्हलपमेंट असमान होऊ शकते, असेही बजावलेले आहे. हे ड्रम बनवणाऱ्या जोबो या जर्मन कंपनीचा सल्ला मात्र नेमका उलटा : आधी ५ मिनिटे पाण्यात फिरवा आणि मग नेहमीचाच वेळ द्या. दोन्ही कंपन्या आपापल्या कामात मुरलेल्या आहेत. मग घड्याळ ११ मिनिटांवर लावायचे की १३?

हा प्रश्न मुख्यतः शीट फिल्म वापरणाऱ्यांचा. शीट फिल्म म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यात एका वेळी एकच लागणारा फिल्मचा सुटा तुकडा; ४ बाय ५ किंवा ८ बाय १० इंचांचा. रोलवरच्या सगळ्या फ्रेमना एकच वेळ सोसावा लागतो. शीटला तिचा स्वतःचा वेळ देता येतो, आणि या महागड्या, जड कॅमेऱ्याच्या वाटेला जाणाऱ्यांना ओढ असते ती याचीच. पूर्वी या शीट अंधारात उघड्या ट्रेमध्ये हाताने खालीवर करत डेव्हलप करायच्या. त्यात ओरखडे पडत, बोटे काळवंडत. रोटरी प्रोसेसरने हे काम बंद ड्रममध्ये नेले. ड्रम कोमट पाण्याच्या कुंडात आडवा फिरतो, मोटर ठरावीक वेळाने दिशा बदलते आणि तळाशी असलेला थोडासा डेव्हलपर प्रत्येक फेऱ्यात फिल्मवरून वाहतो. फिल्म एकदा ड्रममध्ये भरली की दिवा लावून निवांत काम करता येते.

वेळ बदलतो तो या सततच्या वाहण्याने. निगेटिव्हच्या ज्या भागावर भरपूर प्रकाश पडला, तिथे डेव्हलपरचे काम जास्त असते. तो तिथे लवकर थकतो आणि रासायनिक क्रियेतून सुटलेले ब्रोमाइड पुढच्या क्रियेला लगाम घालते. टाकी मिनिटातून एकदा हलवली, तर मधल्या काळात हा लगाम टिकून राहतो. फिरत्या ड्रममध्ये तो टिकतच नाही. उजळ भागांना सतत ताजा डेव्हलपर मिळतो आणि तिथली घनता भराभर चढते. सावल्यांच्या भागात मुळातच काम थोडे, त्यामुळे तिथे फारसा फरक पडत नाही. परिणामी कॉन्ट्रास्ट वाढतो. प्रिंट करताना ढग, पांढरी भिंत, चेहऱ्यावरचे ऊन असे सगळे कोरे होऊन बसते.

घनता वेळेबरोबर कशी वाढते, याचा हिशेब सव्वाशेहून अधिक वर्षे जुना आहे. फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफिल्ड हे दोघे इंग्लंडमधल्या विडनेस या रासायनिक कारखान्यांच्या गावात काम करत. प्लेटवर पडलेला प्रकाश आणि तिची घनता यांचे नाते दाखवणारी वक्ररेषा त्यांनी १८९० साली प्रसिद्ध केली. डेव्हलपमेंट जितकी जास्त, तितकी ही रेषा उभी होत जाते. तिचा चढ मोजणे म्हणजेच कॉन्ट्रास्ट मोजणे. फिल्मच्या माहितीपत्रकात आजही हीच रेषा छापलेली असते.

आपल्या ड्रमसाठी ही रेषा स्वतः काढता येते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. अमेरिकेतले फोटोग्राफीचे शिक्षक फिल डेव्हिस यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत सुटसुटीत करून दिली. त्यासाठी एक स्टेप टॅब्लेट लागते : २१ पायऱ्यांची फिल्मपट्टी, जिची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा अर्ध्या स्टॉपने गडद असते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे). अंधारात ही पट्टी शीटवर ठेवायची आणि एन्लार्जरच्या प्रकाशात पाच शीटना अगदी सारखे एक्स्पोजर द्यायचे. मग एक शीट ४ मिनिटे, दुसरी साडेपाच, तिसरी ८, चौथी ११ आणि पाचवी १६ मिनिटे डेव्हलप करायची. वेळा अशा पटीत वाढवल्या की पाचही रेषा पंख्यासारख्या एकसारख्या उलगडतात.

घनता मोजायला डेन्सिटोमीटर हवा, पण तो नसल्याने काही अडत नाही. लाइट बॉक्सवर निगेटिव्ह ठेवून तिच्याभोवतीचा प्रकाश काळ्या कागदाने झाकायचा. मग स्पॉट मीटरने आधी मोकळ्या काचेचे आणि मग एकेका पायरीचे माप घ्यायचे. एका स्टॉपचा फरक म्हणजे ०.३० घनता. सात स्टॉपचा फरक असलेले नेहमीचे उन्हातले दृश्य या हिशेबात २.१ होते. मध्यम ग्रेडच्या कागदाला झेपणारी निगेटिव्हमधली घनतेची व्याप्ती साधारण १.०५ धरतात. १.०५ला २.१ने भागले की उत्तर येते ०.५०. सरासरी एवढा चढ ज्या वेळेला मिळेल, तो आपला वेळ. समजा ८ मिनिटांच्या शीटचा चढ ०.४६ आणि ११ मिनिटांच्या शीटचा ०.५४ आला, तर उत्तर साडेनऊच्या आसपास आहे.

या चाचणीत एक गोष्ट बहुतेकांकडून सुटते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. जोबोच्या ३०१० या ड्रममध्ये ४ बाय ५च्या दहा शीट बसतात आणि फिरायला त्याला अवघे २१० मिलिलिटर द्रावण पुरते. पण फिल्म ओली होण्यापुरते द्रावण वेगळे आणि ती पुरती डेव्हलप होण्यापुरते वेगळे. कोडॅकने १९९६ साली आणलेल्या एक्सटॉल डेव्हलपरचे उदाहरण घ्या. एका रोलइतक्या, म्हणजे ८० चौरस इंच फिल्मला किमान १०० मिलिलिटर मूळ द्रावण हवे, असा त्याचा दंडक. दहा शीटचे क्षेत्रफळ २०० चौरस इंच. म्हणजे मूळ द्रावणच २५० मिलिलिटर लागणार, आणि एकास एक पाणी घातले तर एकूण अर्धा लिटर. चाचणी एका शीटवर केली आणि कामाच्या दिवशी तेवढ्याच द्रावणात दहा शीट घातल्या, तर चाचणीचा आकडा लागू पडणार नाही. म्हणून चाचणीच्या वेळी उरलेल्या जागी प्रकाश दाखवलेल्या वाया शीट भराव्यात. ही उधळपट्टी वाटते, पण एरवी मिळणारा आकडा ज्या ड्रमसाठी शोधला, त्याचा नसतोच.

आधी पाण्यात भिजवण्याच्या वादाचा निकालही चाचणीतच लागतो. भिजलेल्या जिलेटिनमध्ये डेव्हलपर सावकाश शिरतो आणि सुरुवातीचा जोर ओसरतो. जोबोच्या सल्ल्यामागे हे गणित आहे. समानपणाबद्दलची इलफर्डची काळजीही खोटी नाही. एकसारख्या करड्या पार्श्वभूमीची एक शीट दोन्ही पद्धतींनी डेव्हलप करून पाहावी, पट्टे कुठे दिसतात ते तपासावे आणि जी पद्धत ठरेल, तिच्यावरच पाच शीटची चाचणी करावी. भिजवणे हा वेळेचाच एक भाग आहे. आज भिजवले, उद्या नाही, असे केले की चाचणी फुकट जाते.

तापमानाचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्याच अंगाने येतो. युरोपात कुंडाचे काम पाणी तापवण्याचे. मे महिन्यात नागपुरात किंवा सोलापुरात नळाचे पाणीच २० अंशांच्या कितीतरी वर असते आणि साधे कुंड ते थंड करू शकत नाही. बर्फाच्या बाटल्या सोडून २० अंश गाठण्याच्या खटपटीपेक्षा चाचणीच २४ अंशांवर करावी. तेवढे तापमान थोड्या बर्फाने टिकवता येते. फक्त वेळ झपाट्याने उतरतो. इलफर्डच्या कोष्टकात २० अंशांची ४ मिनिटे २३ अंशांना ३ होतात. पाच मिनिटांच्या आत डेव्हलपमेंट एकसारखी होईलच असे नाही, असा इशारा कोडॅक देते. त्यामुळे गरम हवेत डेव्हलपर अधिक पातळ करून वेळ पुन्हा लांबवणे शहाणपणाचे, मात्र मूळ द्रावणाचा वर सांगितलेला हिशेब सांभाळून.

वेळ कमी केला की सावल्यांचा तपशीलही किंचित घटतो, म्हणून रोटरीवर काम करणारे बरेच जण ४०० आयएसओची फिल्म २५० किंवा २०० धरून वापरतात. हे किती करायचे, तेही त्याच पाच रेषांच्या पायथ्याशी दिसते.

या रेषा एकदा कागदावर आल्या की त्या एकाच वेळेपुरत्या राहत नाहीत. आषाढातल्या ढगाळ दिवशी घाटात टिपलेल्या दृश्यात जेमतेम पाच स्टॉपचा फरक असतो, तिथे १.०५ भागिले १.५, म्हणजे ०.७० चढ हवा. चैत्रातल्या उन्हात किल्ल्याच्या काळ्या दगडी कमानीतून बाहेरचे पांढरे आकाश घेतले, तर फरक नऊ स्टॉपपर्यंत जातो आणि ०.३९ चढ पुरतो. दोन्ही शीट एकाच दिवशी, एकाच डेव्हलपरमध्ये, पण वेगवेगळ्या फेऱ्यांत डेव्हलप करायच्या आणि प्रत्येकीचा वेळ त्या पंख्यावरून वाचायचा.