वैमानिकाचे घटना-निवेदन

विमान कंपनीच्या सेवेत प्रवेश मागताना वैमानिकाने आपल्या पूर्वीच्या उड्डाणांतील अपघात, घटना व अनुत्तीर्ण चाचण्या यांची अर्जात दिलेली माहिती. प्रवाशांच्या सुरक्षिततेशी तिचा निकटचा संबंध असतो.

‘अपघात’ व ‘घटना’ या संज्ञांत भेद आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टानुसार, उड्डाणाच्या हेतूने पहिली व्यक्ती विमानात चढल्यापासून सर्व जण उतरेपर्यंत मृत्यू वा गंभीर इजा झाल्यास, विमानाच्या रचनेची मोठी हानी झाल्यास किंवा विमान बेपत्ता झाल्यास तो अपघात ठरतो. या मर्यादेत न येणारा, परंतु सुरक्षिततेस बाधक असा प्रसंग म्हणजे घटना. केवळ टायर फुटणे हा अपघात मानला जात नाही. म्हणून अर्जातील प्रश्नाची शब्दयोजना काळजीपूर्वक पाहावी लागते.

भारतात अपघातांचे अन्वेषण २०१२ मध्ये स्थापन झालेले विमान अपघात अन्वेषण कार्यालय करते. अन्वेषणाचा हेतू अपघातांना आळा घालणे हा असून दोष ठरविणे हा नसतो. त्यामुळे घटनेची नोंद असणे म्हणजे वैमानिक अपात्र असणे नव्हे. बारामती, गोंदिया यांसारख्या ठिकाणी शिकणाऱ्या नवोदितांच्या बाबतीतही हेच खरे आहे. नोंदीतून कंपनीला वैमानिकाच्या प्रशिक्षणातील उणिवा कळतात. नोंद लपविली, तर त्या दुरुस्त करण्याची संधी जाते.

अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफलो शहराजवळ कोल्गन एअर कंपनीचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. वेग घटल्याच्या इशाऱ्याला मुख्य वैमानिकाने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे त्याचे कारण ठरले. तो पूर्वी अनेक चाचण्यांत अनुत्तीर्ण झाला होता. अर्जात मात्र त्याने त्यांपैकी एकाचाच उल्लेख केला होता. यानंतर २०१० च्या कायद्याने वैमानिकांच्या नोंदींचा मध्यवर्ती संग्रह करण्याचे ठरले. गोव्यात जानेवारी २०११ मध्ये एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरले. त्या घटनेच्या चौकशीत वैमानिकाने परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका दिल्याचे उघड झाले आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने इतर वैमानिकांच्या परवान्यांचीही तपासणी केली.

निवेदनात दिनांक, स्थळ, विमानाचा प्रकार, उड्डाणाचा टप्पा, वैमानिकाची भूमिका, झालेली हानी, अन्वेषणाचा निष्कर्ष व नंतर घेतलेले प्रशिक्षण एवढे थोडक्यात असावे. अन्वेषण अपूर्ण असल्यास तसे नमूद करावे. इतरांवर दोषारोप करू नये. निवेदन उड्डाण-नोंदवहीशी जुळणे आवश्यक असते. घडलेल्या घटनेचे स्पष्टीकरण देता येते. लपविलेली घटना पुढे उघड झाल्यास मात्र वैमानिकाच्या कौशल्याऐवजी त्याच्या विश्वासार्हतेविषयीच शंका निर्माण होते.