गाडीची चाके बदलण्याआधी

दिवाळीला इंदूरहून पुण्या-नाशिककडे निघणाऱ्या आपल्या मंडळींच्या गाड्यांना हल्ली मोठी चाके, उचललेले किंवा खाली बसवलेले सस्पेन्शन दिसते. म्हणून नियम थोडक्यात सांगतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. उंची किती इंच वाढवलेली चालेल, असे विचारण्यात अर्थ नाही. कंपनीने दिलेली उंची हीच मर्यादा धरावी.

चाकांचे गणित पाहा. १८५/६५ आर१५ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२२ मिलिमीटर, १९५/५५ आर१६ चा ६२१. रिम मोठी, पण व्यास जवळजवळ तोच. व्यास वाढला तर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. गाडी उचलली की वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो.

म्हणून आधी दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचावे आणि विमा कंपनीला लेखी विचारावे. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडकू शकतो. मुलांना रागावण्याआधी हे त्यांच्यासोबत बसून वाचावे, ही विनंती.