रत्तलभर बेदाण्यांची पावती

लेकरू पहिल्यांदा शहरातल्या कॉलेजात जायला निघालं की घरात काय चालतं, ते तुम्हांला सांगायला नको. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा भरला जातो, वडील पैसे दोनदा मोजून देतात. एस.टी. सुटेपर्यंत आई हसत असते. घरी आल्यावर मात्र तिला एकच प्रश्न पडतो. तिथं त्याला 'जेवलास का?' म्हणून विचारणारं कोण?

वाचकहो, दूरदेशीच्या एका विद्यापीठात या प्रश्नाला मोठं गमतीदार उत्तर सापडलं आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्राला लागून, सेंट अँड्र्यूज नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं विद्यापीठ १४१३ सालचं, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माआधी दोनशेहून जास्त वर्षांचं. पहिल्या वर्षाच्या मुलाला तिथं जुन्या बोलीत 'बेजंट' म्हणत. हा शब्द फ्रेंच भाषेतल्या 'पिवळी चोच' या शब्दांवरून आला असं मानतात. घरट्यातल्या पिलाच्या चोचीची पिवळी कड तुम्ही पाहिलीच असेल. तेच हे पिलू!

या पिलांना थोरले विद्यार्थी दत्तक घेतात. बहुधा तिसऱ्या वर्षाची एखादी मुलगी आई होते, एखादा मुलगा बाप होतो. ना अर्ज, ना फी. ओळख झाली, चहा झाला, की 'होतोस का आमचं लेकरू?' म्हणून विचारायचं. मग त्याला भावंडं मिळतात, आईबापांचे 'आईबाप' म्हणजे आजीआजोबाही मिळतात. अडल्यानडल्याला दार ठोठवायला एक घर झालं.

पुढं शरद ऋतूत लेकरांनी उतराई व्हायचं. रीत अशी, की आईबापांना रत्तलभर, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, बेदाणे द्यायचे. त्या थंड मुलखात बेदाणा बाहेरून यायचा, म्हणून एके काळी ती भारी भेट. (तासगावच्या बागायतदारांनी हे जरूर वाचावं!) बाप त्याची पावती द्यायचा, तीही लॅटिन भाषेत. आता ती कागदावरच असते असं नाही. लेकराला मिरवताना जड जाईल अशा कुठल्याही वस्तूवर लिहून देतात. सोमवारी सगळी पिलं चित्रविचित्र सोंगं घेऊन ती पावती मिरवतात आणि हिरवळीवर फेसाची धुळवड खेळतात.

आता बेदाण्यांच्या जागी बऱ्याचदा दारूची बाटली येते. त्या दिवसांत अतिरेक होतो, विद्यापीठाला सावध करावं लागतं. ते आपण घेऊ नये.

आपल्याकडं थोरली मुलं म्हटली की आईच्या पोटात गोळा येतो, तो रॅगिंगचा. त्यावर महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. १८००-१८०-५५२२ हा तक्रारीचा फोन नंबरही आहे. तो चटणीच्या डब्याबरोबरच लिहून द्या. पण कायदा छळणाऱ्याला धरतो, 'जेवलास का' एवढं विचारायला तो येत नाही.

तुमचा मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असेल, तर यंदा वसतिगृहावर परत जाताना एवढं सांगा. नवं पोर कोपऱ्यात एकटं दिसलं, तर त्याला पहिल्या रात्री आपल्या शेजारी जेवायला बसव. आणि त्याच्या डब्यातली चटणी आपणहून मागून घे, म्हणजे ते बोलायला लागेल.