हेडसेटची जुळणी : डोळे, खोली आणि संगणक

माणसाचे दोन डोळे एकमेकांपासून सुमारे सहा सेंटिमीटर अंतरावर असतात. त्यामुळे समोरची एकच वस्तू त्यांना किंचित निरनिराळी दिसते. या दोन प्रतिमांची सांगड घालून मेंदू त्या वस्तूचे जवळ-दूरपण ठरवितो. १८३८ साली चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आरशांच्या एका साध्या उपकरणाने हे तत्त्व दाखवून दिले. संगणकावरील खेळांसाठी आज डोळ्यांवर बांधला जाणारा आभासी वास्तवाचा हेडसेट त्याच उपकरणाचा वंशज होय. व्हीटस्टनची चित्रे स्थिर होती. हेडसेटमधील चित्रे मान वळेल तशी बदलतात. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी असे बदलते चित्र दाखविणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा डोक्याची हालचाल मोजण्यासाठी ते छताला टांगलेल्या यांत्रिक दांडीस जोडावे लागे. घरच्या संगणकाला जोडता येतील अशी ऑक्युलस रिफ्ट व एचटीसी व्हाइव्ह ही यंत्रे २०१६ साली बाजारात आली, आणि सदरलँड यांच्या प्रयोगशाळेतील काम सामान्य घरातील एखाद्या खोलीत येऊन पडले.

नवा हेडसेट घरी आणणारा मनुष्य बहुधा तारा जोडून लगेच खेळावयास बसतो. पंधरा-वीस मिनिटांत त्याचे डोके जड होते, मळमळू लागते, आणि हजारो रुपयांचे यंत्र कपाटात जाते. दोष यंत्राचा असतोच असे नाही. पुष्कळदा जुळणीच झालेली नसते.

प्रथम संगणकाविषयी. व्हॉल्व्ह इंडेक्स या २०१९ साली निघालेल्या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासमोर १४४० गुणिले १६०० बिंदूंचा पडदा आहे. दोन्ही मिळून सुमारे ४६ लाख बिंदू झाले. सेकंदाला ९० चित्रे धरली, तर ४१ कोटींहून अधिक बिंदू दर सेकंदाला रंगवावे लागतात. टेबलावरच्या साध्या पडद्याला, म्हणजे १९२० गुणिले १०८० बिंदू व सेकंदाला ६० चित्रे या हिशेबाने, साडेबारा कोटी बिंदूही लागत नाहीत. शिवाय भिंगातून पाहताना चित्र वाकते. ते सरळ दिसावे म्हणून संगणक आधीच उलट दिशेने वाकविलेले चित्र काढतो, आणि त्यासाठी पडद्यावर असतात त्याहूनही अधिक बिंदू रेखाटतो. एका चित्रासाठी त्याच्या हाती सेकंदाचा नव्वदावा भाग, म्हणजे जेमतेम ११ मिलिसेकंद असतात. एवढ्या अवधीत चित्र तयार झाले नाही, तर जुनेच चित्र थोडे सरकवून वेळ मारून नेली जाते. मान वळली तरी दृश्य मागे रेंगाळल्यासारखे वाटते ते त्यामुळेच.

म्हणूनच तार कोठे खोचली आहे हे पाहणे महत्त्वाचे. संगणकाच्या मागे चित्राच्या तारेसाठी दोन ठिकाणी खाचा असू शकतात : एक मदरबोर्डावर, दुसरी ग्राफिक्स कार्डावर. हेडसेटची तार दुसऱ्या खाचेतच गेली पाहिजे. मांडीवरच्या संगणकांत ही अडचण अधिक छुपी असते. काहींमध्ये बाहेरची खाच आतल्या आत दुय्यम चित्रसंचालकालाच जोडलेली असते, आणि उत्तम कार्ड असूनही त्याचा उपयोग होत नाही. खरेदीपूर्वीच याची चौकशी करावी.

मेटा कंपनीचे क्वेस्ट २ व क्वेस्ट ३ हे हेडसेट या बाबतीत निराळे आहेत. त्यांच्या पोटातच एक लहान संगणक असतो. मोठ्या संगणकावरचा खेळ त्यांवर खेळावयाचा झाल्यास तो चित्रफितीप्रमाणे संकुचित होऊन यूएसबी तारेने किंवा वायफायने येतो. वायफायने खेळणाऱ्याने संगणक राउटरला तारेने जोडावा, राउटर त्याच खोलीत ठेवावा व पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. दोन्ही टोके बिनतारी ठेवण्याचा मोह महागात पडतो. जुना हेडसेट स्वस्तात घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : विंडोज मिक्स्ड रिॲलिटी या पद्धतीच्या हेडसेटांना आवश्यक असलेली व्यवस्था मायक्रोसॉफ्टने २०२४ साली विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून काढून टाकली.

आता खोलीकडे वळू. डोके व हात कोठे आहेत हे यंत्राला कळण्याचे दोन मार्ग आहेत. व्हाइव्ह व इंडेक्स यांच्यासोबत भिंतीवर लावावयाच्या पेट्या येतात. त्यांतून अदृश्य अवरक्त किरणांचे झोत ठरावीक गतीने खोलीभर फिरतात. झोत हेडसेटवरील संवेदकांना कोणत्या क्षणी लागला, यावरून कोन काढला जातो. या पेट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, शक्यतो दोन मीटरहून उंच, किंचित खाली झुकवून बसवाव्यात. ज्या फळीवर त्या ठेवल्या ती हलता कामा नये, कारण पेटी थरथरली की खेळातील सारे जग थरथरते. कपाटाचा मोठा आरसाही किरण परतवून घोटाळा करतो. त्यावर चादर टाकणे पुरते. क्वेस्टमध्ये पेट्या नसतात. हेडसेटवरील कॅमेरेच खोलीतील ठळक खुणा पाहून स्थान ओळखतात. त्यांना पुरेसा उजेड लागतो. अंधाऱ्या खोलीत, किंवा ज्यावर एकही चित्र वा दिनदर्शिका नाही अशा कोऱ्या भिंतीसमोर, ते गोंधळतात.

चालत-फिरत खेळण्यासाठी स्टीमव्हीआर ही आज्ञावली किमान दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद मोकळी जागा मागते. तेवढी नसेल तर उभ्याने किंवा बसून खेळण्याची सोय आहे, आणि लहान घरांत तीच अधिक शहाणपणाची. आखलेली सीमारेषा भिंतीला भिडवू नये. पाय रेषेच्या आत असतानाच हात बाहेर जातो. ही सीमा भोवती आखली जाते, डोक्यावर नव्हे. आपल्याकडील घरांत छताला पंखा असतो, आणि उंच मनुष्याने खेळाच्या भरात हात वर उगारला तर त्याची कल्पना यंत्र देणार नाही. पंखा बंद ठेवावा. वाऱ्यासाठी कोपऱ्यात टेबलपंखा लावावा. लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवावे.

डोळ्यांची जुळणी सर्वांत नाजूक, आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते, परंतु व्यक्तिपरत्वे त्यात बराच फरक पडतो. बाहुली भिंगाच्या मध्यासमोर नसेल तर अक्षरे धूसर होतात आणि डोळ्यांचे स्नायू उगीच ताणले जातात. इंडेक्समध्ये हे अंतर ५८ पासून ७० मिलिमीटरपर्यंत सरकविता येते. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ व ६८ अशा तीनच जागा आहेत. चष्म्याच्या दुकानात हे अंतर सहज मोजून मिळते. तो आकडा लावून आधी हेडसेट वर-खाली सरकवावा आणि बारीक अक्षरे स्वच्छ दिसू लागली की मगच भिंगे थोडी आत-बाहेर करून पाहावी. पट्टा करकचून आवळल्याने चित्र सुधारत नाही. गालांवर वळ मात्र उठतात. पट्ट्याचा मागचा भाग डोक्याच्या मागील उंचवट्याखाली बसला पाहिजे, म्हणजे यंत्राचा भार नाकावर येत नाही. चष्मा लावणाऱ्यांनी हेडसेट प्रथम पुढून चेहऱ्यावर टेकवून मग पट्टा मागे ओढावा. चष्म्याची काच भिंगाला घासली तर दोहोंवर चरे पडतात.

एवढे करूनही मळमळ होऊ शकते. डोळे सांगतात की शरीर धावत आहे, तर कानाच्या आतील तोल राखणारे इंद्रिय सांगते की ते जागीच उभे आहे. या विसंवादाने अनेकांना बोटीत लागावे तसे लागते. ‘नेट धरून खेळत राहिले की सवय होते’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो घातक आहे. बळजबरी केल्यास पुढे नुसता हेडसेट पाहूनही किळस येऊ शकते. आरंभी खेळाडू जागीच उभा राहतो असे खेळ निवडावेत, पहिली लक्षणे दिसताच थांबावे, आणि चित्रे अडखळत असल्यास खेळातील चित्रांचा दर्जा निःसंकोच कमी करावा. देखणे पण अडखळणारे दृश्य साध्या पण अखंड दृश्याहून अधिक त्रास देते.

खेळ संपल्यावर भिंगे कोरड्या मऊ कापडाने पुसावीत, स्पिरिट वापरू नये. हेडसेट खिडकीजवळ उघडा ठेवू नये. बहिर्गोल भिंगाने ऊन एकवटून कागद जाळता येतो, तसेच हेडसेटच्या भिंगांतून शिरलेले ऊन आतील पडद्यावर एकवटते आणि थोडक्या अवधीत तेथे डाग पडतो. तो डाग कोणत्याही दुरुस्तीने जात नाही; पडदाच बदलावा लागतो.