अमर्याद ताटाची किंमत

हुडकेश्वरच्या लग्नकार्यांतून पंगत जवळजवळ उठली आणि तिच्या जागी 'बुफे' आला. वाढपी गेला, आग्रह गेला. आता पाहुण्याने स्वतःच स्वतःला आग्रह करावयाचा! तरीही तेथे यजमान आहे आणि त्याच्या खर्चाची जाणीव पुष्कळांचा हात आवरते.

गोव्यात मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-जहाजांवरही बुफे असतो. पण तेथे यजमान नाही, केवळ हिशेब आहे. भोजनाचे मोल सामान्यतः प्रवेशशुल्कातच धरलेले असते. 'हवे तितके खा' हे शब्द सहलीला गेलेल्या नागपूरकराला औदार्याचे वाटतात. वस्तुतः भुकेला मर्यादा असते, जुगाराच्या हव्यासाला नसते. चार घास अधिक गेल्याने मालक बुडत नाही. जेवलेले गिऱ्हाईक डावावर तासभर अधिक रेंगाळले की तो तरतो. लास व्हेगासमध्ये १९४०च्या दशकात ही प्रथा सुरू झाली ती याचसाठी.

महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनोंचा कायदा कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्दच झाला. गोव्याने मात्र १९९६ मध्ये कायदा दुरुस्त करून जहाजांवरील जुगाराला वाट दिली आणि १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांना त्यापासून दूर ठेवले. जे ताट घरच्यांना वर्ज्य, ते पाहुण्यापुढे का मांडावे?

पंगतीत पोट भरले की पाहुणा उठतो. येथे पोट भरले की त्याला बसवितात. हा भेद तरुणांनी तरी ओळखावा.